भुलेत श्वासाचं काय होतं? ऑपरेशनआधी डॉक्टरांपासून काही लपवू नका

पोफळी, शिरगाव, अलोरे भागातल्या आपल्या लोकांना मोठ्या ऑपरेशनसाठी चिपळूण, डेरवण किंवा कुंभार्ली घाटापलीकडचं कराड गाठावं लागतं. निघताना आपण पैसे, रिपोर्ट, कपडे सगळं बघतो. भुलेच्या डॉक्टरांना काय सांगायचं, ते मात्र राहून जातं.

झोपेतही आपला श्वास चालतो, कारण मेंदूच्या तळाशी श्वासाचं केंद्र जागं असतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला की ते श्वास वाढवतं. सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेनसारखी हुंगायची भूल या केंद्रालाच सुस्त करते. श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साचला तरी हवा तेवढा वाढत नाही. घसा ढिला पडतो, जीभ मागे सरकते, खोकलाही येत नाही. म्हणून गरजेप्रमाणे नळी घालून मशीनने श्वास देतात.

हा प्रश्न जुना आहे. मराठवाडा ज्या निजाम राज्यात होता, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, १८८८ आणि १८८९ मध्ये डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्याला पैसा पुरवला. आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर नजर ठेवा, असा निष्कर्ष निघाला. क्लोरोफॉर्मने हृदयही थेट बंद पडू शकतं, हे पुढे सिद्ध झालं. आज डॉक्टर दोन्हींवर नजर ठेवतात.

आता आपलं काम. साधारण नियम असा: हलकं खाणं आणि दूध ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी बंद. जड जेवणाला त्याहून जास्त वेळ लागतो. "पोर रडतंय" म्हणून गुपचूप दिलेलं बिस्किट उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. रमजान असेल तर सहरीची वेळ सांगा. सकाळची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायला सांगितली तर घ्या. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करायची सवलत कुरआनने दिलीच आहे.

दमा, रात्रीचं जोराचं घोरणं, बिडी-सिगारेट, तंबाखू, झोपेच्या गोळ्या, सगळं खरं सांगा. अब्बांसमोर मुलगा सिगारेटचं बोलणार नसेल, तर त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

पेशंटने डोळे उघडले की "वॉर्डात आणा" अशी घाई नको. भुलेचा थोडा अंश उरला तरी ऑक्सिजन कमी पडल्याचा इशारा शरीर नीट देत नाही. म्हणूनच काही वेळ नजरेखाली ठेवतात. दुआ करू या, आणि डॉक्टरांना खरी माहितीही देऊ या.