डबा लपवून झाल्यावर

सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाला बुडाशी पत्र्याचं चौकोनी झाकण असतं. खांबाचे बोल्ट दिसू नयेत म्हणून बसवलेलं. ते हातानं वर सरकवता येतं. आत बोल्टांच्या आडोशाला कॅमेऱ्याच्या फिल्मची काळी डबी, डबीत कागदाची बारीक गुंडाळी आणि गुंडाळीवर येऊन गेलेल्यांची टोपणनावं. आपलं नाव लिहायचं, डबी होती तशी ठेवायची, फोनवर ‘सापडला’ अशी नोंद करायची. दोन मिनिटांचं काम. जिओकॅशिंग करणाऱ्यांमध्ये मी ऐकलेले सर्वांत कडाक्याचे वाद या डबीवरून झालेले आहेत.

खेळ साधा आहे. एकानं डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर जाहीर करायचे, बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीनं तो शोधायचा. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत हे जवळजवळ अशक्य होतं, कारण अमेरिकन सरकार नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे आणि जागा शंभर-शंभर मीटरनं चुकत असे. क्लिंटन सरकारनं ती भेसळ बंद केली आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली. बादलीत पुस्तकं, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. आजच्या नियमांत ते दाणे बसले नसते. वासानं जनावरं डबे फोडतात, म्हणून खाण्याच्या वस्तू ठेवायला मनाई आहे. जगभर आता तीस लाखांहून जास्त डबे आहेत. मी पोर्टलंडच्या उपनगरात राहते, बीव्हरक्रीक इथून फार लांब नाही. इथल्या जुन्या मंडळींना या खेळाबद्दल घरच्या कार्यासारखी आस्था आहे, आणि घरच्या कार्यात होतात तशी भांडणंही आहेत.

एका बाजूचं म्हणणं असं, की डबा हे निमित्त. त्यानं मला कुठंतरी नेलं पाहिजे. मी मनानं या बाजूची. टिलामूकच्या जंगलात चढणीच्या वाटेवर मला एक डबा सापडला. लष्करी काडतुसांची हिरवी लोखंडी पेटी, डग्लस फरच्या मुळांच्या खोबणीत, वर नेच्याची पानं. डब्याच्या माहितीत लिहिलं होतं, की हे जंगल १९३३, १९३९, १९४५ आणि १९५१ असं चार वेळा पेटलं, सुमारे साडेतीन लाख एकर जळालं आणि पुढं कोट्यवधी रोपं हातानं लावली गेली. त्यात पोर्टलंड भागातल्या शाळकरी मुलांचाही हात होता. हे वाचून मान वर केली तर सगळी झाडं जवळजवळ एका वयाची दिसली. एरवी मी तिथून नुसती चालत गेले असते.

दुसरी बाजू आकड्यांची. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे. मग रस्त्याकडेला बरोबर तेवढ्या अंतरावर डबी, डबी, डबी. नेवाडातल्या ३७५ क्रमांकाच्या रस्त्यावर, ज्याला परग्रहवासीयांचा हायवे म्हणतात, २०१० मध्ये अशा हजाराहून जास्त डब्या मांडल्या गेल्या. गाड्या सारख्या थांबत-निघत असल्यामुळं राज्याच्या रस्ते खात्याच्या सांगण्यावरून २०११ मध्ये त्या काढाव्या लागल्या, नंतर बदल करून पुन्हा आल्या. अशा रांगांवर काही चमू सापडलेली डबी गाडीत घेतात, तिथं आधीच सही केलेली दुसरी ठेवतात आणि पुढच्या थांब्याच्या आत गाडीतल्या डबीवर सही उरकतात. डबा जागचा हलवू नये असा नियम असूनही हे चालतं. मला हे मनापासून खटकतं. त्या डब्यांना मग कुणी धनीच उरत नाही.

पण खांबाखालच्या डबीला मी नावं ठेवली तेव्हा आमच्या मंडळातल्या एका काकांनी मला थांबवलं.

“अगं, माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयेत. तुझ्या जंगलातला डबा माझ्यासाठी आहे का?”

“नाही काका, पण पार्किंगमध्ये बघायला काय आहे?”

“बघायला काही नाही. शोधायला आहे. त्यासाठीच तर घराबाहेर पडतो मी.”

डब्यांना वाटेच्या कठीणपणानुसार एक ते पाच अंक दिलेले असतात आणि एक हा अंक व्हीलचेअरवरून पोचता येईल अशाच जागेला द्यायचा असतो. तोपर्यंत तो अंक मी यादी गाळण्यापुरताच वापरत होते.

काकांची स्वतःचीही एक डबी आहे, किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये. सामान आणायला गेले की ते ती उघडून बघतात. कागद भरला की नवा, झाकण सैल झालं की नवी डबी. ऑरेगनच्या पावसाळ्यातही त्यांचा कागद कोरडा असतो आणि फिल्मच्या डबीत हे सोपं नाही, कारण तिचं झाकण पाणी पूर्ण अडवत नाही. याउलट डोंगरावरचा एक नावाजलेला डबा. आवडलेल्या डब्याला द्यायचे पसंतीचे गुण २०१० च्या अखेरीस सुरू झाले. पैसे भरणाऱ्या सभासदांना दर दहा सापडलेल्या डब्यांमागं एक गुण देता येतो. या डब्याला ते भरपूर मिळालेले. उघडला तर आत वहीचा भिजलेल्या पोह्यांसारखा लगदा, बुरशी आणि गंजलेली पिन. मालक गाव सोडून गेलेला. ‘दुरुस्ती हवी’ असे शेरे पडत होते आणि त्याखाली लोक ‘सुंदर जागा’ लिहून गुणही देत होते.

माझ्याबरोबर एक निवृत्त अमेरिकन बाई येतात. पावसाळा लागण्याआधी त्या आपल्या सगळ्या डब्यांची फेरी करतात. पेटीच्या झाकणातलं रबर फडक्यानं पुसून त्याची घडी बोटानं चाचपतात. त्यात साधं पाइनचं पान अडकलं तरी पाणी आत येतं. जलरोधक कागदाची नवी वही, पेन्सिल (पेनाची शाई थंडीत गोठते), मोडकी खेळणी पिशवीत, चार नवी आत. आत बघून लहान मूल हिरमुसू नये, असं त्या म्हणतात. हे सगळं गुडघ्यावर बसून, रिमझिमीत. शोधणाऱ्याला दिसतो तो नीट बंद झालेला डबा. माझ्या लेखी चांगल्या डब्याची पहिली खूण हीच, मग तो कड्यावर असो की खांबाखाली: लपवणारा अजून तिथं येतो. जागा, कोडं, कल्पकता यांच्यावर नंतर बोलू.

डोंगरावरचा तो डबा शेवटी स्वयंसेवक परीक्षकानं यादीतून कायमचा काढला. यादीतून गेला तरी पेटी तिथंच पडून होती. बाईंनी आणि मी ती खाली आणली. जागा मोकळी झाल्यावर तिथं नवा डबा ठेवायचं ठरलं आणि लगेच वाद पेटला. बाईंना तो वर, जुन्याच कातळाशी हवा आहे, कारण दरीचा देखावा तिथूनच दिसतो. काकांचा आग्रह आहे, की खाली वाहनतळाच्या कुंपणाशी ठेवा, वरचा देखावा ज्यांना चढता येतं ते पाहतीलच. “आणि दर महिन्याला त्याच्याकडे बघणार कोण? खाली असेल तर मी बघेन,” असं ते म्हणाले तेव्हा बाई गप्प झाल्या. दोन डबे ठेवायचे तर मध्ये १६१ मीटर हवेत. परवा मी टेप घेऊन वाहनतळापासून मोजत निघणार आहे.