संरचनात्मक पोलादाच्या वेल्डिंग मानकांतील सुधारणा आणि स्थानिक कारागिरी : पुलगावच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

पोलादी बांधकामातील वेल्डिंगची मानके ठरावीक काळाने सुधारली जातात. मोठ्या कारखान्यांत या सुधारणांची नोंद ठेवणारा स्वतंत्र विभाग असतो. लहान गावातील फॅब्रिकेशन व्यावसायिकाजवळ अशी व्यवस्था नसते. प्रस्तुत लेखात मानके का बदलतात, बदलांचे स्वरूप कोणते आणि त्यांची माहिती न ठेवल्यास प्रत्यक्ष सांध्यावर काय परिणाम होतो, याचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजसंज्ञा : वेल्डिंग, भारतीय मानक, सुधारणा, फिलेट वेल्ड, इलेक्ट्रोड, कारागीर प्रशिक्षण.

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्यात, वर्धा नदीकाठी वसलेल्या पुलगावच्या नावातच पूल आहे. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मार्गावरील हे गाव पुढे कापडगिरणी आणि लष्कराच्या केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे ओळखले गेले. अलीकडच्या काळात जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या रेल्वेमार्गाचा वर्धा-कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. अशा परिसरात गोदामे, जिनिंगच्या शेड, पाण्याच्या टाक्यांचे मनोरे, छताच्या कैच्या यांची कामे निघतात. त्यांतील बराच भाग स्थानिक वेल्डरच्या हातून पार पडतो. तो ज्या नियमांनुसार काम करतो ते नियम कोणत्या वर्षाचे आहेत, हा प्रश्न त्या छताखाली उभ्या राहणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेशी निगडित आहे.

मानके का बदलतात?

मानकातील सुधारणा ही केवळ कार्यालयीन औपचारिकता आहे, असा समज आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. १७ जानेवारी १९९४ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. पोलादी चौकटीच्या इमारती कोसळल्या नाहीत. परंतु नंतरच्या तपासणीत शंभराहून अधिक इमारतींत तुळई आणि स्तंभ यांच्या वेल्ड केलेल्या सांध्यांना भेगा गेल्याचे आढळले. पोलाद वाकण्याआधीच सांधा काचेसारखा तडकला होता. वापरलेल्या वेल्ड धातूचा चिवटपणा कमी असणे, सांध्याखालची आधारपट्टी तशीच ठेवणे आणि सांध्याची सदोष रचना ही त्यामागील प्रमुख कारणे ठरली. या सांध्यांची रचना त्या काळच्या नियमांना धरून होती, ही बाब अधिक गंभीर होती. त्यातून पुढे संशोधन झाले आणि अमेरिकन वेल्डिंग सोसायटीने भूकंपप्रवण बांधकामासाठी २००५ मध्ये डी १.८ ही स्वतंत्र पुरवणी संहिता प्रसिद्ध केली. मानकातील एखाद्या कोरड्या वाक्यामागे अनेकदा अशी घटना असते.

भारतीय मानकांची व्यवस्था

भारतीय मानक संस्थेची स्थापना १९४७ मध्ये झाली. १ एप्रिल १९८७ पासून भारतीय मानक ब्युरो हे काम पाहतो. पोलादी बांधकामाचे नियम एकाच पुस्तकात नाहीत. रचनेसाठी आय.एस. ८००, पोलादासाठी आय.एस. २०६२, इलेक्ट्रोडसाठी आय.एस. ८१४, धातू-आर्क वेल्डिंगच्या वापरासाठी आय.एस. ८१६ आणि ९५९५, तर वेल्डरच्या पात्रता चाचणीसाठी आय.एस. ७३१० अशी ही साखळी आहे. यांपैकी एक कडी बदलली की इतरांकडे पुन्हा पाहावे लागते.

येथे तीन संज्ञांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. ‘सुधारणा’ म्हणजे संपूर्ण मानकाची नवी आवृत्ती. ‘दुरुस्ती’ म्हणजे चालू आवृत्तीतील काही कलमांत केलेला बदल. तो स्वतंत्र पत्रकाने येतो आणि नेमका तोच दुर्लक्षित राहतो. ‘पुनःपुष्टी’ म्हणजे आढावा घेऊन जुनीच आवृत्ती कायम ठेवणे. आय.एस. ८१६ ची १९६९ ची आवृत्ती पुढे वेळोवेळी पुनःपुष्ट झाली. त्यामुळे वर्ष जुने म्हणजे मानक रद्द, हा निष्कर्ष चुकीचा ठरतो. त्याचप्रमाणे वर्ष नवे म्हणजे प्रत अद्ययावत, असेही म्हणता येत नाही.

एका सांध्याचे उदाहरण

आय.एस. ८०० प्रथम १९५६ मध्ये आले. १९६२, १९८४ आणि २००७ मध्ये त्याच्या सुधारणा झाल्या. १९८४ पर्यंत रचना ‘अनुज्ञेय ताण’ पद्धतीने होत असे, २००७ पासून ‘मर्यादा अवस्था’ पद्धत मुख्य ठरली. कारागिराच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ पुढील उदाहरणावरून स्पष्ट होतो.

६ मि.मी. मापाचा, १०० मि.मी. परिणामी लांबीचा फिलेट वेल्ड घेतला, तर काटकोनी सांध्यात त्याची गळ्याची जाडी मापाच्या ०.७ पट, म्हणजे ४.२ मि.मी. आणि क्षेत्रफळ ४२० चौ.मि.मी. होते. जुन्या पद्धतीतील १०८ न्यूटन प्रति चौ.मि.मी. या अनुज्ञेय ताणाने तो सुमारे ४५ किलोन्यूटन भार घेतो. २००७ च्या पद्धतीत ४१० न्यूटन प्रति चौ.मि.मी. ताकदीच्या पोलादासाठी कारखान्यात केलेल्या वेल्डची शक्ती सुमारे ७९ किलोन्यूटन येते, तर प्रत्यक्ष जागेवर केलेल्या वेल्डची सुमारे ६६; कारण सुरक्षा गुणक अनुक्रमे १.२५ आणि १.५० आहेत.

यावरून नवा नियम वेल्डला जवळपास पावणेदोनपट बळकट मानतो, असे वाटण्याचा संभव आहे. ते खरे नाही. नव्या पद्धतीत समोरचा भारही आधी भार-गुणकाने, स्थिर आणि चल भारासाठी सामान्यतः १.५ ने, वाढवून घ्यावयाचा असतो. शक्ती नव्या नियमाची आणि भार जुन्या पद्धतीचा, अशी सरमिसळ झाली तर सांध्यातील सुरक्षेचा मोठा हिस्सा कागदावरच नाहीसा होतो. धोका जुन्या नियमात नाही, नव्यातही नाही. तो दोन्ही अर्धवट वापरण्यात आहे.

पोलाद आणि रॉड

पोलादाच्या बाबतीतही हेच घडते. जुन्या नकाशांवर आय.एस. २२६ असा उल्लेख सापडतो. ते मानक आय.एस. २०६२ मध्ये सामावले गेले. पूर्वीचे एफ.ई. ४१० डब्ल्यू.ए. पुढे ई २५० ए या नावाने ओळखले जाऊ लागले. २०११ च्या सातव्या सुधारणेत ई २५० पासून ई ६५० पर्यंत श्रेणी आहेत. ई २५० ए साठी कार्बन-तुल्यांकाची कमाल मर्यादा ०.४२, तर ई ३५० ए साठी ०.४७ आहे. दोन्ही प्लेटा डोळ्यांना सारख्याच दिसतात. परंतु तुल्यांक जितका जास्त, तितकी सांध्याशेजारची जागा थंड होताना कडक होऊन तडकण्याची शक्यता जास्त. जाड प्लेट असल्यास आधी तापवून घेणे आणि कमी हायड्रोजनचा रॉड वापरणे गरजेचे ठरते.

आय.एस. ८१४ मध्ये रॉडच्या सांकेतिक नावापुढील एच १, एच २, एच ३ ही अक्षरे हेच सांगतात : शंभर ग्रॅम वेल्ड धातूत हायड्रोजन अनुक्रमे १५, १० आणि ५ मिलिलिटरपर्यंत. मात्र पावसाळ्यात उघड्या पुडक्यातील रॉड दमट झाला की या अक्षरांना अर्थ उरत नाही. अमेरिकन डी १.१ संहिता असे रॉड किमान १२० अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवण्यास सांगते आणि ई ७० वर्गातील नेहमीच्या रॉडना बाहेर चार तासांचीच मुभा देते. हायड्रोजनमुळे पडणारी भेग वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी एकदोन दिवसांनी उमटते. तोवर कारागीर पुढच्या कामावर गेलेला असतो.

कलमांच्या क्रमांकांचा प्रश्न

बाहेरच्या कंपन्यांची कामे डी १.१ नुसार मागितली जातात. तिच्या २०१५ च्या आवृत्तीत वेल्डरच्या पात्रतेचे कलम चौथे आणि तपासणीचे सहावे होते. २०२० मध्ये आरंभी संदर्भ व व्याख्या यांची दोन कलमे वाढली. पात्रता सहाव्या आणि तपासणी आठव्या कलमात गेली. करारात नुसते ‘कलम ६ प्रमाणे’ असे लिहिले असेल, तर एका आवृत्तीत तपासणी आणि दुसरीत पात्रता असा अर्थ निघतो. २०२५ मध्येही या संहितेची नवी आवृत्ती आली. म्हणून मानकाचा उल्लेख वर्षासहितच करणे आवश्यक आहे.

स्थानिक अडचणी व उपाय

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि त्यासाठी आठवी उत्तीर्ण विद्यार्थी पात्र ठरतो. मानके मात्र प्रामुख्याने इंग्रजीत, तांत्रिक परिभाषेत असतात. ज्याच्या हाती होल्डर आहे त्याच्यापर्यंत नियम पोहोचतो तो ठेकेदाराच्या तोंडून, आणि ठेकेदाराच्या स्मरणात असलेल्या आवृत्तीनुसार. दोष कारागिराच्या कौशल्याचा नसून माहिती पोहोचविणाऱ्या वाटेचा आहे. त्यादृष्टीने पुढील उपाय सुचविता येतील.

१) प्रत्येक कामाच्या नकाशावर लागू मानक, वर्ष आणि दुरुस्ती क्रमांक लिहिणे.
२) भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून भारतीय मानके विनामूल्य मिळतात, वर्षातून किमान दोनदा त्यांची स्थिती पडताळून वहीत नोंद करणे.
३) रद्द झालेली प्रत फेकून न देता तीवर ‘रद्द’ असा शिक्का मारून वेगळी ठेवणे, जुन्या बांधकामाच्या दुरुस्तीत तिची गरज पडते.
४) महाविद्यालये, प्रशिक्षण संस्था आणि ब्युरोचे नागपूर शाखा कार्यालय यांच्या सहकार्याने बदलांचे एकपानी मराठी सारांश तयार करून दुकानांत लावणे.
५) नव्या मसुद्यांवर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा लहान व्यावसायिकांच्या अडचणी संघटितपणे कळविणे.

निष्कर्ष

मानकातील सुधारणा ही पूर्वीच्या चुकांतून मिळालेल्या ज्ञानाची नोंद असते. ती नोंद वाचली गेली नाही, तर तीच चूक दुसऱ्या गावात नव्याने घडू शकते. पुलगावसारख्या ठिकाणी वेल्डरजवळ हात आहे, अनुभव आहे. उणीव आहे ती त्याच्या भाषेत आणि वेळेवर पोहोचणाऱ्या माहितीची. ही उणीव भरून काढणे फारसे खर्चाचे नाही. त्यासाठी एक वही, एक जबाबदार व्यक्ती आणि वर्षातून दोन ठरलेले दिवस एवढी तयारी पुरेशी आहे.