गोळीचा पावसाळा

कार्बामाझेपिन हे औषध यकृतात स्वतःच्याच विघटनाचा वेग कसा वाढवते आणि त्यामुळे पहिल्या आठवड्यात पुरेशी ठरलेली मात्रा महिन्याभरात अपुरी का वाटू लागते, याचे विवेचन मागील लेखांकात झाले. या लेखांकात गर्भारपण आणि आकडीवरील औषधे हा विषय घेण्याचे ठरले होते. तो एक आठवडा पुढे ढकलावा लागत आहे, कारण मोखाडा तालुक्यातून आलेल्या एका पत्रातील प्रश्न, पावसाळा तोंडावर आलेला असताना, अधिक निकडीचा आहे. पत्रलेखकाच्या वडिलांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला वीज चमकावी तशी कळ येते, त्यासाठी त्यांना कार्बामाझेपिन सुरू आहे, उन्हाळाभर त्यांना आराम असतो आणि आषाढ लागला की कळ पुन्हा डोके वर काढते. औषध तेच आणि मात्राही तीच, तर दोष हवेचा की गोळीचा, असे त्यांनी विचारले आहे. ही गोळी फेफऱ्याची असल्याचे कोणीतरी सांगितल्यापासून वडील ती घेताना आढेवेढे घेतात, अशी पुस्तीही पत्राला जोडलेली आहे.

पुस्तीचे उत्तर आधी दिलेले बरे. फेफरे, आकडी, मिरगी किंवा फिट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आणि वैद्यकात अपस्मार म्हटल्या जाणाऱ्या विकारात मेंदूतील चेतापेशींचा एखादा समूह एकाच वेळी, लागोपाठ आणि अनावरपणे विद्युत्संदेश सोडू लागतो. चेहऱ्याच्या या कळेत, म्हणजे ट्रायजेमिनल न्यूराल्जियात, त्याच जातीचा बिघाड चेहऱ्याला संवेदना पुरवणाऱ्या पाचव्या मस्तिष्क-चेतेत होतो आणि त्याचे कारण बहुधा तिच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकून तिचे आवरण झिजलेले असते. आर्मां त्रूसो या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकातच, चेतापेशींच्या विद्युत्क्रियेची आजच्यासारखी माहिती नसताना, केवळ झटक्यांची तऱ्हा पाहून या दुखण्याला अपस्मारसदृश चेताशूळ म्हटले होते, ही वैद्यकाच्या इतिहासातील मोठी मार्मिक नोंद होय. त्या नावातील सूचना प्रत्यक्ष उपचारात उतरायला बराच काळ लागला: १९४२ मध्ये फ्रान्समध्येच बेर्गूइन्यां यांनी फेनिटॉइन हे अपस्मारावरील औषध चेहऱ्याच्या कळेवर वापरून पाहिले, १९५३ मध्ये बाझेलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी कार्बामाझेपिन तयार केले, आणि १९६२ मध्ये, हे औषध अद्याप जी-३२८८३ अशा कारखानी क्रमांकाने ओळखले जात असताना, ब्लोम यांनी या कळेवर त्याचा गुण येत असल्याचे प्रसिद्ध केले. चेतापेशीच्या आवरणात सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारे असतात आणि एकदा उघडून मिटलेले दार हे औषध काही क्षण मिटलेलेच राहू देते. सावकाश येणाऱ्या नेहमीच्या संदेशांना त्याची फारशी अडचण होत नाही, पण एकापाठोपाठ धडका देणाऱ्या संदेशांचा रेटा मात्र मोडतो. तेव्हा ही गोळी घेणाऱ्याला फेफरे असलेच पाहिजे असे नाही, आणि ज्याला फेफरे आहे त्यानेही ती लपूनछपून घेण्याचे कारण नाही. चेतांच्याच दुसऱ्या एका दुखण्यावर, म्हणजे मधुमेहाने होणाऱ्या पायांच्या आगीवर, बहुधा गॅबापेंटिन दिले जाते. ते मूत्रपिंडावाटे जसेच्या तसे बाहेर पडत असल्यामुळे त्याचे नियम निराळे आहेत आणि ते दुसऱ्या लेखांकात येऊन गेले आहेत.

मुख्य प्रश्न पावसाचा. गोळीतील कार्बामाझेपिनचे स्फटिक मुळात निर्जल असतात, म्हणजे त्यांच्या रचनेत पाण्याला जागा नसते; परंतु दमट हवेत ते हळूहळू पाणी सामावून घेतात आणि द्विजल रूपात जातात, म्हणजे औषधाच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू बसतात. हे नवे स्फटिक सुईसारखे लांबट असून ते एकमेकांत गुंतत जातात, आणि उघड्या तोंडाच्या पोत्यातील सिमेंटचा पावसाळ्यात दगड व्हावा तशी गोळी आतून कठीण होते. अशी गोळी पोटात गेली तरी वेळेत विरघळत नाही. दमट जागी राहिलेल्या गोळ्यांचा प्रभाव एक-तृतीयांशापर्यंत घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० च्या सुमारास दिला होता, आणि अपस्मार आटोक्यात असलेल्या रुग्णांना अकारण पुन्हा झटके येऊ लागल्याच्या तक्रारी हे त्यामागील निमित्त होते. येथे औषध नासलेले नसते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रयोगशाळेत मोजले तर ते पुरे भरेल, फक्त ते शरीराच्या हाती लागत नाही. मुदतीची तारीख पाहून या बिघाडाचा पत्ता लागत नाही, आणि रंगरूपावरूनही तो दर वेळी ओळखता येईल असे नाही.

बाझेलच्या कंपनीने गोळी ठेवायला कल्पिलेली कोरडी जागा आणि जव्हारकडील वावरसारख्या गावातील पावसाळी घर यांत किती अंतर आहे, हे यावरून दिसते. जव्हारच्या पठारावर वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली भिंत त्या काळात हाताला सतत गार आणि ओलसर लागते, आणि कपडे वाळत घालायला चुलीच्या वरची जागा तेवढी उरते. घरातील कोरडी जागा म्हणून गोळ्याही तेथेच, शिंक्यात किंवा आढ्याच्या बांबूला अडकवलेल्या पिशवीत ठेवल्या जातात, आणि हीच निवड नेमकी चुकीची ठरते, कारण चुलीवरच्या भाताची वाफ दिवसातून दोनदा त्या पिशवीत शिरते. पट्टीतील प्रत्येक गोळी स्वतंत्र कप्प्यात बंद असते तोवर फारशी भीती नसते. गोळ्या आधीच फोडून डबीत भरून ठेवणे, किंवा सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून देणे, ही मात्र पावसाळ्यात गोळीला पाणी पाजण्याचीच रीत होय. यावरचा उपाय साधा आहे: गोळी तोंडात टाकण्याच्या क्षणीच पट्टीतून काढावी, पट्ट्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात, डबा चूल आणि पाण्याचे हंडे या दोन्हींपासून लांब आणि पोरांच्या हाती लागणार नाही इतका उंच असावा, आणि दमट झाल्याचा संशय असलेल्या गोळ्या चुलीजवळ शेकून वाळवू नयेत, तर बदलून घ्याव्यात. शेकल्याने गोळीचे मूळ रूप परत येईल, असा भरवसा धरता येत नाही.

१९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे हा मुलूख साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाला, आणि त्यानंतर आदिवासी भागांसाठी आलेल्या नवसंजीवनी योजनेत पावसाळ्यापूर्वी दुर्गम पाड्यांसाठी धान्याची व औषधांची तजवीज करण्यावर भर देण्यात आला. ओढ्याला पाणी आले की पाडा तुटतो, हे त्यामागील गृहीत अपस्माराच्या गोळीला तंतोतंत लागू पडते. तापाची गोळी दोन दिवस उशिरा मिळाली तर ताप लांबेल, परंतु फेफऱ्याची गोळी दोन दिवस चुकली तर एरवी न आलेला झटका येऊ शकतो, आणि आवणीच्या दिवसांत त्या झटक्यात माणूस चिखलपाण्यात पालथा पडू शकतो. मेच्या अखेरीस दोन महिन्यांच्या पट्ट्या घरात असाव्यात, अशी मागणी आरोग्य केंद्रात बोलून दाखवण्यात संकोच नसावा.

पत्रलेखकाच्या वडिलांच्या बाबतीत आर्द्रता हे एकमेव कारण असेलच, असे मात्र नाही. गार वाऱ्याची झुळूक गालावर लागणे, थंड पाण्याने चूळ भरणे, दाढी करणे, घास चावणे, एवढ्या क्षुल्लक निमित्तानेही ही कळ उठते, आणि पावसाळ्यात पहिली दोन निमित्ते पावलोपावली असतात. शिवाय आवणीच्या घाईत सकाळची गोळी विसरली जाते, ती संध्याकाळी दोन गोळ्या एकदम घेऊन भरून काढली जाते, आणि मग डोळ्यांपुढे एकाच्या दोन वस्तू दिसणे, झोक जाणे, जीभ जड होणे ही मात्रा जास्त झाल्याची लक्षणे उमटतात. पाहणाऱ्याला तो माणूस मोहाची पिऊन आला आहे असेच वाटते, आणि तो खरोखर प्यालेला असेल तर दोन्हींची गुंगी एकमेकींत मिसळते. विसरलेली गोळी आठवताच घ्यावी, मात्र पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्यावी. भरपाईची दुप्पट गोळी कधीही घेऊ नये. कळ वाढली म्हणून आपल्या मनाने मात्रा वाढवण्याआधी नवी, कोरडी पट्टी सुरू करून चार-पाच दिवस पाहावे आणि त्यानंतर डॉक्टरांना विचारावे, हे या पत्राचे थेट उत्तर होय.

गोळी एकाएकी थांबवू नये, हा नियम या लेखमालेत वारंवार आला आहे. त्याला एक मोठा अपवाद आहे आणि पावसाळ्यात तोच नजरेतून निसटतो. औषध सुरू झाल्यापासून पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताप येऊन अंगावर लाल चट्टे उठले, तोंड आतून सोलवटले, डोळे लाल झाले किंवा कातडीवर फोड आले, तर तो पावसाळी ताप किंवा गोवर समजून घरी थांबू नये. ती स्टीव्हन्स-जॉन्सन या गंभीर प्रतिक्रियेची सुरुवात असू शकते, आणि अशा वेळी पुढची गोळी न घेता त्याच दिवशी, गोळ्यांच्या पट्टीसह, रुग्णालय गाठावे. एचएलए-बी १५०२ हा आनुवंशिक घटक असलेल्यांना हा धोका बराच अधिक असतो, हे २००४ मध्ये तैवानमधील संशोधनातून उघड झाले आणि भारतातील एका लहान अभ्यासातही तसा संबंध आढळला. मात्र ही तपासणी तालुक्याच्या ठिकाणी सहज होणारी नाही, म्हणून तेथे डोळ्यांनी केलेली पाहणीच कामाला येते.

कार्बामाझेपिनबरोबर घ्याव्या लागणाऱ्या क्षयाच्या औषधांविषयीही येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. क्षयाच्या नेहमीच्या उपचारात रिफाम्पिसिन आणि आयसोनायझिड ही दोन्ही सहा महिने बरोबर चालतात. पहिले कार्बामाझेपिनचा निचरा वाढवते, दुसरे तो अडवते, आणि कोणाचे पारडे जड होईल हे माणसागणिक बदलते, म्हणून क्षयाचा उपचार सुरू होताना आणि संपतानाही फेफऱ्याच्या गोळीचा उल्लेख झालाच पाहिजे. आयसोनायझिडमुळे हातापायांना मुंग्या येऊ शकतात आणि त्यावर जीवनसत्त्व ब-६ देतात. त्या मुंग्यांसाठी कार्बामाझेपिन मागणे म्हणजे गळक्या छपराखाली नुसती बादली ठेवणे. खोकल्यासाठी सर्रास लिहिली जाणारी एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके कार्बामाझेपिनची रक्तातील पातळी चढवतात, हेही भट्टीवरच्या दवाखान्यात सांगायला हवे.

भट्टीचा उल्लेख सहज आलेला नाही. जव्हार-मोखाड्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर वसई, भिवंडी, कल्याण, शहापूर या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर जातात. गावच्या भाषेत याला जगायला जाणे म्हणतात, आणि त्यासाठीचा बयाणा बहुधा पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेला असतो. पावसाळ्यात गोळी घरात असूनही निकामी होते. भट्टीवर ती मुळात संपते. दोनशे मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज घेणाऱ्याला महिन्याला साठ, म्हणजे दहाच्या सहा पट्ट्या लागतात, आणि दिवाळी ते होळी या चार महिन्यांच्या चोवीस. एवढ्या पट्ट्या एकदम मिळणे अवघड असल्यामुळे निदान महिन्याच्या गोळ्या आणि औषधाचे मूळ नाव, मात्रा व वेळा स्वच्छ लिहिलेली चिठ्ठी बरोबर असावी. दुकानाचे नाव किंवा गोळीचा रंग सांगून परक्या तालुक्यात काही साधत नाही, आणि साधी गोळी व हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी या दोन्हींवर दोनशेचाच आकडा असला तरी त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. लांब पल्ल्याची गोळी चावून किंवा कुटून घेणेही चुकीचे. भट्टीवर वीट थापण्याचे काम पहाटेच्या कितीतरी आधी, अंधारातच सुरू होते, आणि अपुरी झोप हे झटक्याचे ठळक निमित्त असल्यामुळे अपस्मार असलेल्या माणसाला विटा वाहण्याचे दिवसाचे काम मागून घेता आले तर ते बरे. भट्टी भरताना वर चढणे आणि पेटल्यावर तोंडाशी राबणे मात्र त्याने टाळलेच पाहिजे. झटका आलाच तर कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ न घालवता त्याला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर वाहन बोलवावे.

होळीला कुटुंब गावी परतते तेव्हा भट्टीवर घेतलेल्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या आणि घरी राहिलेल्या जुन्या पट्ट्या एकाच डब्यात येतात, आणि त्यांतील कोणती आधी संपवायची हे मुदतीची तारीख पाहून ठरवावे लागते. ही तारीख पट्टीच्या एका टोकावर छापलेली असते आणि पट्टी फोडायला सुरुवात बहुधा त्याच टोकाकडून झालेली असते, म्हणून नवी पट्टी हाती आल्यावर ती दुसऱ्या टोकाकडून फोडावी.