क्रूझवर काय असतं, बंदरावर काय उरतं

आम्ही सातजणी क्रूझवर जाऊन आलो हे कळल्यापासून प्रत्येक बैठकीत तेच प्रश्न येतात. उलट्या होतात का, जेवण कसलं, साडी चालते का, आणि एवढे पैसे कशाला घातलेत. दुसराही एक प्रश्न असतो, तो जास्त महत्त्वाचा. गोव्याला एवढी मोठी जहाजं लागतात, तर त्यातलं गिऱ्हाईक आपल्या सिंधुदुर्गात येईल का? आज दोन्हींबद्दल बोलूया.

पैशाचं आधी. गटाच्या बचतीला हात न लावता आम्ही दोन वर्षं महिना हजार रुपयांची वेगळी भिशी चालवली. त्यातून मुंबई-गोवा-मुंबई अशी दोन रात्रींची फेरी झाली. गोवा आपल्यापासून दोन तासांवर, आणि आम्ही गोव्याला जायला कोकणकन्येने आधी मुंबई गाठली! घरचे अजून हसतात. पण जहाज तिथूनच सुटतं.

आपल्या सासवांना आगबोट आठवते. मुंबईहून निघून जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत ती पणजीला जायची. बऱ्याच बंदरांत ती धक्क्याला लागत नसे, माणसं आणि ट्रंका पडावात उतरायच्या. आगबोटीत बसायचं ते गावी पोचायला. क्रूझवर मात्र जहाज हेच राहायचं ठिकाण, आणि बंदर म्हणजे मधली काही तासांची सहल. हे ध्यानात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

बॅलार्ड पिअरला आधार कार्ड दाखवलं, बॅगा यंत्रातून गेल्या आणि प्रत्येकीला एक कार्ड मिळालं. तेच ओळखपत्र, तीच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. जहाजावर रोख चालत नाही, जे घ्याल ते कार्डावर चढतं आणि शेवटी बिल येतं. मोठ्या भोजनगृहातलं जेवण तिकिटातच होतं, शाकाहारीही भरपूर. पण काही खास हॉटेलं, थंड पेयं, इंटरनेट, फोटो, हे सगळं वेगळं. हसत हसत कुणी फोटो काढला की तोही विकतच असतो. आम्ही रोज रात्री खाली काउंटरवर जाऊन हिशोब पाहिला. गट चालवणाऱ्या बायका आपण, एवढं जमतंच.

खोली स्वस्तातली घेतली, तिला खिडकी नव्हती. जहाज मधल्या भागात आणि खालच्या मजल्यांवर कमी हलतं, म्हणून खोली तशीच मागितली होती. सुंठ-गूळ जवळ होता. एकीलाच मळमळलं. साडीला कुणी हरकत घेतली नाही, फक्त वरच्या डेकवर वारा इतका की पिना लावाव्या लागल्या.

निघण्याआधी सुरक्षेची कवायत होते, ती मात्र कुणी टाळू नये. सात आखूड भोंगे आणि एक लांब, म्हणजे आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटलं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर जगभराचा नियम बदलला. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ती घ्यावी लागते.

सकाळी मुरगाव बंदर आलं. उतरून फिरायचे दोन मार्ग असतात. जहाजाची सहल घेतली तर ती महाग पडते, पण तिची बस अडकली तर जहाज सहसा थांबतं. स्वतःची गाडी केली तर स्वस्त पडतं, पण उशीर झाला तर जहाज निघून जातं. आणि परतायची वेळ ही जहाज सुटायच्या वेळेच्या बरीच आधीची असते. आम्ही बंदराबाहेर गाडी ठरवली आणि ड्रायव्हरदादांना ती वेळ कागदावर लिहून दिली. जुन्या गोव्यातलं बॉम जीझस चर्च पाहिलं. १६०५ मध्ये पूर्ण झालेलं, आतमध्ये सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव जपलेलं. मग मंगेशीला दर्शन घेतलं आणि मागे फिरलो.

खरं शिक्षण तिथे जहाजातल्या इतर प्रवाशांकडे बघून झालं. माणूस जहाजावर भरपेट नाश्ता करून उतरतो. दुपारचं जेवणही पुन्हा जहाजावर, कारण त्याचे पैसे आधीच भरलेत. त्यामुळे बंदराच्या गावात तो जेवत नाही, मुक्काम तर करतच नाही. बस नेईल त्या एक-दोन दुकानांत शिरतो, घड्याळ बघतो, काजूचं पाकीट घेतो, निघतो. हजारभर माणसं उतरली म्हणून हजारभर गिऱ्हाइकं आली, असं होत नाही.

आता आपला प्रश्न. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचत गट कांदळवनाची सफर घडवतो, फार सुंदर काम आहे. पण मुरगावहून वेंगुर्ल्याला यायला-जायलाच चारेक तास जातात. सहा तासांसाठी उतरलेला प्रवासी तिथे येणार नाही. सफरीला गिऱ्हाईक हवं ते गाडीने येऊन राहणारं, त्याच्यासाठी मेहनत घ्यावी. क्रूझच्या आशेवर कुणी खोल्या बांधायला कर्ज काढत असेल, तर आमचं स्पष्ट मत आहे, काढू नका.

माल मात्र तिकडे जाऊ शकतो, पण त्याचं रूप बदलायला हवं. परत चढताना पिशव्या पुन्हा तपासतात. घरचं शिजवलेलं, उघडं किंवा सांडणारं बहुतेक जहाजांवर अडतं. म्हणजे कोकम सरबताची बाटली आणि डब्यातलं लोणचं तिथे कामाचं नाही. बंद पाकिटातले काजूगर, आमसुलं, आंबापोळी चालण्यासारखी. वर किंमत, तारीख आणि एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक छापलेला हवा. अर्ध्या किलोचं पाकीट कुणी उचललं नाही, शंभर ग्रॅमची भराभर जात होती. घासाघीस करायला त्या माणसाकडे वेळच नसतो.

आमच्या गटाने आमसुलांची छोटी पाकिटं बांधायला घेतली आहेत. मंगेशीच्या वाटेवरच्या एका दुकानदाराने पहिली पन्नास ठेवून घ्यायचं कबूल केलंय, पैसे विकल्यावर. किती गेली ते पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमात सांगतो.