चाकाच्या जागी पट्टा

डर्ट बाइक ही माती, खडी आणि उड्या यांच्यासाठी बांधलेली मोटारसायकल. शर्यतीच्या गाडीला दिवा नसतो, आरसा नसतो. ४५० सीसीचे इंजिन, पन्नास-पंचावन्न अश्वशक्ती आणि वजन जेमतेम ११० किलो. अमेरिकेतील आयडाहो, मोंटाना किंवा कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या माणसाला मात्र ही गाडी अर्धे वर्षच चालवता येते. नोव्हेंबरात डोंगरवाटा बर्फाखाली जातात, त्या पार वसंतापर्यंत उघडत नाहीत. एवढे महिने गाडी कापडाखाली झाकून ठेवायची, किंवा हिवाळ्यासाठी दुसरे महागडे यंत्र, स्नोमोबाइल, घ्यायचे, असे दोनच मार्ग होते. आता तिसरा आहे. गाडीचे पुढचे चाक काढून तिथे स्की लावायची, मागचे चाक काढून तिथे रबरी पट्टा बसवायचा. अशी गाडी म्हणजे स्नो बाइक, आणि हा बदल घडवणारे सामान म्हणजे ट्रॅक कन्व्हर्जन किट.

वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मागचे चाक, ते धरणारा स्विंग आर्म, शॉक अॅब्सॉर्बर असे सगळेच उतरते. स्विंग आर्म ज्या बोल्टवर झुलतो त्याच जागी किटचा सांगाडा अडकतो. शॉक अॅब्सॉर्बरचे वरचे टोक जिथे असते तिथे एक दांडा बसतो आणि तो सांगाड्याला ठरावीक कोनात धरून ठेवतो. इंजिनाची साखळी चाकाऐवजी एका आडव्या दांड्याला फिरवते. तिथून दुसऱ्या साखळीने ताकद पट्ट्याच्या दात्यांपर्यंत जाते. पुढचे चाक गेले की पुढचा ब्रेकही जातो, आणि गाडी थांबवण्याचे सगळे काम पट्ट्याच्या बाजूच्या एकाच डिस्कवर येते. भुसभुशीत बर्फात त्याने अडत नाही. थ्रॉटल सोडला की बर्फच गाडी थांबवतो.

पट्टा कशासाठी, हे समजायला ढोबळ हिशेब पुरे. डर्ट बाइक आणि स्वार मिळून दोनशे किलोंच्या आसपास भरतात, आणि हा भार दोन टायरांच्या तळहाताएवढ्या जागेवर पडतो. चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. किट लावल्यावर वजन पन्नास-साठ किलोंनी वाढते, पण ते टेकते सुमारे मीटरभर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद पट्ट्यावर. दाब दहाव्या हिश्शावर येतो. कोकणात भाताच्या चिखलात पॉवर टिलर उतरवताना रबरी चाके काढून लोखंडी पिंजऱ्याची चाके लावतात, तोच न्याय. बर्फ घट्ट असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. २०२१ च्या डिसेंबरात रॉयल एनफिल्डच्या दोन ‘हिमालयन’ गाड्या दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या, त्या खिळे ठोकलेल्या टायरांवर. तिथली वाट दाबून घट्ट केलेली होती. रॉकी पर्वतात कमरेएवढ्या ताज्या बर्फात तीच गाडी सोडली, तर जागच्या जागी चाक फिरून खड्डा पाडेल.

बर्फावर रबरी पट्टा चालवण्याची विद्या जुनी आहे. क्विबेकमधल्या व्हालकूर गावचा मेकॅनिक जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए याचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात वारला. वाटा बर्फाने बंद होत्या, इस्पितळ गाठता आले नाही. दात्यांवर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या रचनेचे पेटंट त्याला १९३७ मध्ये मिळाले आणि त्यावर चालणाऱ्या बसगाड्या त्याने विकल्या. १९५९ मध्ये आली एका-दोघांनी बसायची ‘स्की-डू’. तिथून पुढे स्नोमोबाइल हा उत्तर अमेरिकेचा हिवाळी शौकच झाला. मोटारसायकलला तोच पट्टा लावून पाहणारे हौशी कारागीर अधूनमधून निघत राहिले, पण त्याचा धंदा उभा राहिला तो या शतकात.

या धंद्यात ज्याचे नाव आधी घ्यावे लागते ते टिंबरस्लेड. आयडाहोतल्या सँडपॉइंटचा अॅलन मँगम आधी डोंगरी स्नोमोबाइलची सस्पेन्शन बनवत असे. तोच अनुभव त्याने मोटारसायकलच्या किटमध्ये ओतला आणि त्याला नाव दिले ‘माउंटन हॉर्स’. २०१५ मध्ये स्नोमोबाइल बनवणाऱ्या पोलारिसने टिंबरस्लेड विकत घेतली. मोठी कंपनी पैसे घालते आहे म्हटल्यावर हा चार हौशांचा खेळ उरला नाही, हे बाजाराने ओळखले. कॅनडातून यती स्नोएमएक्स आले, त्यांचा भर कार्बन फायबर वापरून वजन उतरवण्यावर. रबरी पट्ट्यांच्या व्यवसायात मुरलेल्या कॅम्सोने ‘डीटीएस १२९’ आणले. पुढे २०१८ मध्ये मिशेलिनने कॅम्सोच घेतली. २०१७ च्या जानेवारीत अॅस्पेनच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्नो बाइकची शर्यत पहिल्यांदा झाली आणि कॅनडाच्या ब्रॉक होयरने सुवर्णपदक मारले.

या किटांची तुलना करू पाहणारा पहिला प्रश्न विचारतो, सगळ्यात चांगले कोणते? खरे तर आधी विचारायला हवे की आपल्याकडे बर्फ कसा पडतो. उत्तर पट्ट्याच्या लांबीत असते. पट्टे इंचांत मोजतात. पूर्ण वेढ्याची लांबी १२०, १२९ किंवा १३७ इंच, म्हणजे तीन ते साडेतीन मीटर. १२० चा पट्टा चपळ असतो. दाबलेल्या वाटेवर, उड्यांत, शर्यतीत तो लगेच वळतो. १३७ चा पट्टा खोल बर्फात तरंगतो, खडा चढ नेटाने चढतो आणि अंगाने भारी स्वारालाही पेलतो. पण तो वळवायला जोर लागतो आणि फिरवायला इंजिन. १२९ या दोहोंच्या मधला. पट्ट्यावर दोन-अडीच इंच उंचीचे रबरी खूर असतात. ते जितके उंच तितकी भुसभुशीत बर्फात पकड जास्त, आणि टणक वाटेवर धडधडही जास्त.

लांबी बदलते, रुंदी मात्र फारशी बदलत नाही. स्नोमोबाइलचा पट्टा पंधरा-सोळा इंच रुंद असतो, स्नो बाइकचा अकराच्या आसपास. त्याची पाठ सपाट नसते, कडांकडे थोडी उतरती असते. या यंत्राची सगळी मजा त्या उतारात आहे. स्नोमोबाइल दोन स्कींवर वळते; स्नो बाइक मोटारसायकलसारखी कलून वळते. डोंगराच्या तिरक्या अंगावरून आडवे जायचे असेल तर स्नोमोबाइलवाला सगळे अंग एका बाजूला टाकून दोनशे किलोंच्यावरचे यंत्र पेलत राहतो. स्नो बाइकवाला नुसता डोंगराकडे कलतो, पट्ट्याची कड उतारात रुतते आणि गाडी रेघ धरून निघते. दाट झाडीमधून, जिथे स्नोमोबाइल शिरूच शकत नाही अशा फटींतून ती निघून जाते. स्नोमोबाइलवरची माणसे इकडे वळली ती यासाठी.

पण घोडे पेंड खाते ते ताकदीपाशी. डोंगरी स्नोमोबाइलचे ८५० सीसीचे इंजिन दीडशेच्या वर अश्वशक्ती देते. ४५० ची डर्ट बाइक त्याच्या तिसऱ्या हिश्शावर. शिवाय उंचीवर हवा विरळ होते. तीन हजार मीटरवर साध्या इंजिनाच्या पंचावन्न अश्वशक्तीतल्या चाळीसच्या आसपासच उरतात. सगळी सोंगे आणता येतात, अश्वशक्तीचे आणता येत नाही. म्हणून काहीजण टर्बो बसवतात. स्नोमोबाइलमध्ये गिअरचे प्रमाण आपोआप बदलत राहते. इथे क्लच आणि गिअर स्वाराच्या हातापायात. खोल बर्फात चढताना गिअर चुकला की त्या अर्ध्या क्षणात पट्टा थबकतो आणि गाडी बसते. मग पाय टेकवावा तर तोही मांडीपर्यंत आत जातो. तेव्हा किटातला प्रत्येक अनावश्यक किलो आणि साखळ्या-बेअरिंगांत वाया जाणारी ताकद स्वाराला जाणवते. हलक्या किटासाठी लोक जास्त पैसे मोजतात, त्यात हौस थोडी आणि गरज जास्त.

किट किती विचाराने बनवले आहे हे पाहायचे तर गुडघ्यावर बसून पट्ट्याच्या आत डोकवावे. पुढच्या हाताला एक जाडजूड नायलॉनची पट्टी असते, तिला ओळीने भोके. ही लिमिटर पट्टी. थ्रॉटल पिळला की भार मागे जातो, पुढची स्की उचलली जाते आणि हँडल वळवूनही गाडी सरळच जाते. पट्टी एका भोकाने आखूड केली की पट्ट्याचा पुढचा भाग वर खेचला जातो, स्की बर्फावर दाबून बसते. फार आखूड केली तर गाडी नाक खुपसत चालते. एका भोकाचा फरक, पण स्वार तो पहिल्याच वळणावर ओळखतो.

त्याच जागी, पट्ट्याच्या आतल्या रुळांच्या तळाशी दोन प्लास्टिकच्या लांब पट्ट्या दिसतात. पट्टा यांच्यावरून घसरत फिरतो आणि वंगणाचे काम करतो बर्फच. ताज्या बर्फात आयुष्यभर कटकट नाही. पण गोठून काचेसारख्या झालेल्या वाटेवर उडायला सुटा बर्फच नसतो. प्लास्टिक तापते, मऊ होते, पट्ट्याच्या धातूच्या चिमट्यांना चिकटू लागते. त्यावर उपाय म्हणून रुळांना लवचीक तारा बांधतात. त्या वाट ओरखडत जातात आणि उडालेला चुरा आत फेकतात. गाव ते डोंगर अशी बरीच मजल दाबलेल्या वाटेवरून मारणाऱ्याने ही सोय आधी विचारावी.

नवख्याला चकवतो तो मात्र थंडीचा भाग. शर्यतीची डर्ट बाइक उष्णता बाहेर टाकण्यासाठी घडवलेली असते. बहुतेकींना थर्मोस्टॅटच नसतो, पाणी सरळ रेडिएटरात जाते. उणे पंधरा अंशांत, वर सतत बर्फाचा मारा खात, ते इंजिन कधी नीट तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि बाष्पाचे पाणी तेलात उतरते, तेल पातळ पडते, आणि इंजिन थंडीत झिजून जाते. म्हणून थर्मोस्टॅटचा जोड घ्यावा लागतो, जो तापलेले पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात पाठवतो. रेडिएटर झाकायचे, इंजिनाभोवती रजई गुंडाळायची, हवेच्या फिल्टरवर बर्फाची भुकटी अडवणारे आवरण चढवायचे, तेल वरचेवर बदलायचे. यातले बरेचसे किटाच्या किमतीत धरलेले नसते.

किमतीचा आकडाही तसा फसवा. किट साधारण पाच ते आठ हजार डॉलरला मिळते, आपल्याकडचे चार ते सात लाख रुपये. त्यावर लागते फिट किट, म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या नेमक्या वर्षाला जुळणारे ब्रॅकेट, बुश आणि बोल्ट. उन्हाळ्यात यामाहा विकून केटीएम घेतली तर पट्टा तोच राहतो, फिट किट नवे घ्यावे लागते. पहिल्यांदा बदल करताना अख्खा दिवस जातो, हात बसला की काही तासांचे काम. वसंतात सगळे उलटे करायचे.

शिवाय हे यंत्र माणसाला हिमस्खलनाच्या मुलखात सहज पोहोचवते. जिथे स्कीवाला दोन तास चढून, उताराचा अंदाज घेत जातो, तिथे स्नो बाइक दहा मिनिटांत नेते. गाडलेल्या माणसाचा ठाव देणारा बीकन, शोधायची लांब काठी, फावडे आणि एअरबॅग असलेली पाठपिशवी यांचा खर्चही किटाच्या हिशेबात धरायला हवा, आणि त्यांच्या प्रशिक्षणाचाही.

आपल्याकडून गुलमर्गला किंवा सोलांगला गेलेल्या पर्यटकाने भाड्याची स्नो स्कूटर पाहिलेली असते, मागे बसून एक फेरी मारलेली असते. ती रुंद पट्ट्याची, दोन स्कींची, दोघांना सुखाने नेणारी गाडी. स्नो बाइकवर मागे बसायला जागा नाही आणि शिकल्यावाचून पन्नास मीटर जाता येत नाही. ती भाड्याने फिरवायची वस्तू नव्हे. जो उन्हाळ्यात उभ्याने डर्ट बाइक चालवतो, त्याची ती हिवाळ्याची सोय.

म्हणून निवड करणाऱ्याने क्रम असा लावावा. आपला बर्फ खोल आणि भुसभुशीत असेल तर लांब पट्टा. दाबलेली वाट नि उड्या असतील तर आखूड. दोन्ही थोडे थोडे असेल तर १२९. इंजिन २५० चे असेल तर लांबीचा मोह सोडून वजन आधी पाहावे. थर्मोस्टॅट आणि फिट किट धरून एकूण आकडा काढावा. आणि कॅटलॉगात कधीच न छापलेली एक गोष्ट तपासावी: या किटाचे बेअरिंग, दातेचक्र आणि प्लास्टिकच्या पट्ट्या देणारा दुकानदार आपल्या गावापासून किती लांब आहे. मोसम चार-पाच महिन्यांचा. त्यातले तीन आठवडे सुट्या भागाची वाट पाहण्यात गेले, तर सगळ्यात हलके आणि सगळ्यात महाग किटही गॅरेजातच हिवाळा काढते.