कानावर पडणारं इंग्रजी

पालघर सोडलं की डहाणू लोकलमधला ध्वनिमुद्रित आवाज उमरोळीचं नाव घेतो. आधी मराठीत 'पुढील स्टेशन', मग हिंदीत 'अगला स्टेशन' आणि शेवटी इंग्रजीत 'नेक्स्ट स्टेशन'. २०१३च्या एप्रिलपासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागल्या. बोईसरला पाळीवर निघालेला कामगार, कॉलेजची मुलं, पाट्या घेऊन बसलेल्या भाजीवाल्या, सगळ्यांच्या कानावर हे पडतं. एकच गोष्ट तीन भाषांत, ठरलेल्या क्रमाने, आणि अर्थ लगेच खिडकीबाहेरच्या पाटीवर. भाषा शिकवणाऱ्याने याहून जास्त काय मागावं? उणीव एकच आहे. हा आवाज कुणाकडून उत्तराची अपेक्षा करत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं ऐकूनही माणूस 'नेक्स्ट स्टेशन'च्या पुढे जात नाही.

ध्वनिमुद्रणातून इंग्रजी शिकवण्याच्या सव्वाशे वर्षांच्या खटाटोपाचं यशापयश मला या एकाच गोष्टीवर ठरताना दिसतं. ऐकवणारे पुष्कळ झाले. ऐकवून थांबणारे मोजकेच.

या पट्ट्यात प्रश्न जरा जास्त गुंतागुंतीचा आहे. उमरोळीच्या एका बाजूला पालघर, २०१४च्या १ ऑगस्टपासून जिल्ह्याचं ठिकाण. दुसऱ्या बाजूला बोईसर आणि तारापूरची एमआयडीसी. घरात वारली बोलणाऱ्या मुलाला शाळेतली प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा. किनाऱ्याकडे वाडवळी, मांगेली. कारखान्यांमुळे आलेल्या कुटुंबांत भोजपुरी, उडिया. इंग्रजीचा नंबर यांच्याकडे तिसरा-चौथा लागतो. आणि कामाला लागायची वेळ आली की मुलाखतीत 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ' हेच पहिलं वाक्य समोर येतं. वाचून तयारी केलेल्या मुलाला प्रश्न कळत नाही असं नाही. तो एवढ्या भरभर विचारला जाईल, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे इंग्रजी आलं ते डोळ्यांच्या वाटेने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या. त्यांनी उत्तम भाषांतरं केली, मसुदे लिहिले, आणि साहेबासमोर उभं राहिल्यावर घाम पुसला. युरोपात मात्र लिंग्वाफोनने १९०१मध्येच भाषेचे पाठ ध्वनिमुद्रित करून विकायला सुरुवात केली होती. बीबीसीचं 'इंग्लिश बाय रेडिओ' १९४३मध्ये सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सैनिकांना घोटून घोटून परभाषा शिकवल्या. पुढे त्याच धाटणीवर 'ऐका आणि म्हणा' ही पद्धत उभी राहिली आणि तिच्यामागोमाग हेडफोन लावलेल्या खुर्च्यांच्या भाषा-प्रयोगशाळा आल्या. या प्रयोगशाळांचं आपल्या कॉलेजांत पुढे काय होतं, ते कुलूप पाहिलेल्यांना सांगायला नको.

१९६३मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि आवाज घरोघरी पोचला. कपिल देवच्या जाहिरातीमुळे माहीत झालेला 'रॅपिडेक्स' ज्यांच्या घरी होता, त्यातल्या अनेकांनी पुस्तक झिजवलं. कॅसेट मात्र एकदा लावून ठेवून दिली. कॅसेटशी एकट्याने बोलायला लाज वाटते, हे कुठलीच जाहिरात सांगत नाही.

खरी गरज उभी राहिली २०००मध्ये. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. तोवर ते पाचवीपासून होतं. म्हणजे जे गुरुजी स्वतः पाचवीत, तेही वाचून, इंग्रजी शिकले होते, त्यांच्यासमोर आता सहा वर्षांची मुलं बसली. लिहिता-वाचता न येणाऱ्या मुलाला इंग्रजी शिकवायचं तर कानाशिवाय दुसरी वाट नाही, आणि गुरुजींना नेमका तिथेच धीर नव्हता. या निर्णयावर तेव्हा रणं माजली. वाद मातृभाषेचा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण वर्गात इंग्रजी बोलणार कोण, या साध्या प्रश्नाला त्यात फारशी जागा मिळाली नाही.

त्याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेसने दिलं. १९८४मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने 'वी लर्न इंग्लिश' ही रेडिओ-पाठमाला तयार केली आणि ती आकाशवाणीवरून मराठी शाळांत पोचली. तिचा ढंग संवादी रेडिओचा. ही पद्धत स्टॅनफर्डच्या मंडळींनी १९७४पासून निकाराग्वात गणितासाठी घडवली. १९८०नंतर केनियात पहिल्या तीन इयत्तांना याच वाटेने इंग्रजी शिकवलं गेलं, आणि तिथली मुलं ऐकून समजण्याच्या चाचण्यांत इतर वर्गांच्या पुढे गेली.

तिचं तंत्र बघण्यासारखं आहे. रेडिओवरचं पात्र विचारतं, 'व्हॉट इज धिस?' आणि गप्प बसतं. दोन-तीन सेकंद रेडिओवर काहीच नसतं. त्या रिकाम्या जागेत वर्गाने उत्तर द्यायचं. मग रेडिओ बरोबर उत्तर सांगतो. ज्याचं चुकलं तो मनातल्या मनात दुरुस्त होतो, कुणी त्याला उभं करत नाही. गुरुजींनी मुलांकडे बघायचं, वस्तू दाखवायची, मागे राहिलेल्याला पुढे घ्यायचं. उच्चाराचा भार रेडिओवर, वर्गाचा भार गुरुजींवर. संहिता लिहिताना सगळ्यात अवघड काम असतं ते या गप्प राहण्याचा अंदाज बांधण्याचं. जागा कमी पडली तर मुलं अर्ध्यावर तुटतात, जास्त झाली तर मागच्या बाकावर मस्ती सुरू होते.

रेडिओचा दोष असा की तो मागे फिरवता येत नाही. पेनड्राइव्ह आणि ब्लूटूथ स्पीकरने ती अडचण मिटवली. रुळालगतच्या शाळेत मालगाडी धडधडत गेली तर बाईंना बटण दाबून थांबता येतं. पण स्वस्त स्पीकरची एक खोड शिक्षक-प्रशिक्षणात सहसा कुणी सांगत नाही. स, फ, ट, थ हे आवाज उंच कंपनांचे. लहान स्पीकर, घुमणारी खोली आणि वर पत्र्यावर जूनचा पाऊस, अशा वेळी सगळ्यात आधी तेच बुडतात. आणि इंग्रजीचं निम्मं व्याकरण तिथेच लटकलेलं असतं. 'कॅट'चं 'कॅट्स' होतं ते एका स्-वर, 'वॉक'चं 'वॉक्ट' एका ट्-वर. आपल्या मराठीत मुलगा-मुलगे, घर-घरं असा फरक स्वरावर असतो. तो पावसातही ऐकू येतो. मुलं अनेकवचनाचा स् गाळतात तेव्हा आपण व्याकरण कच्चं म्हणतो. पुष्कळदा तो त्यांच्या कानापर्यंत आलेलाच नसतो. स्पीकर टेबलावरून उचलून मुलांच्या घोळक्यात मधोमध ठेवला तरी बराच फरक पडतो. याला अनुदान लागत नाही.

आपल्याच पालघर जिल्ह्यातली सर्वांत बोलकी गोष्ट २०२०ची. शाळा बंद, डोंगरपट्ट्यात नेटवर्क नाही, घरात स्मार्टफोन नाही. तेव्हा दिगंत स्वराज फाउंडेशनने आदिवासी पाड्यांवर 'बोलकी शाळा' सुरू केली. दुचाकीच्या मागच्या सीटवर स्पीकर बांधून कार्यकर्ते पाड्यावर जात, मुलं अंतर राखून बसत, आणि ध्वनिमुद्रित पाठ लागे. मुलांनी त्याचं नाव 'स्पीकर भाऊ', 'स्पीकर ताई' पाडलं. सहा गावांतली हजारावर मुलं त्यात होती. शाळेच्या अभ्यासक्रमाबरोबर इंग्रजीही होतं. त्याच काळात नागपूर आकाशवाणीवरून प्रथम संस्थेच्या साथीने 'शाळेबाहेरची शाळा' चालू होती. टाळेबंदीतल्या अॅपांवर आपल्याकडे रकानेच्या रकाने लिहिले गेले. या दोन उपक्रमांच्या वाट्याला त्या मानाने फार थोडं आलं. स्पीकर यंत्र म्हणून काहीच नाही. पण त्याच्यासोबत ओळखीचा माणूस यायचा, आणि मुलांना उत्तर द्यावंसं वाटायचं ते त्याला.

आवाज कुणाचा असावा, हा वाद दर काही वर्षांनी उकरला जातो. लंडनचा हवा, अमेरिकेचा हवा. मला यात फार वेळ घालवावासा वाटत नाही. तारापूरच्या कारखान्यात उद्या या मुलांशी इंग्रजीत बोलणारा साहेब तमिळ असेल, गुजराती असेल, क्वचित जर्मन. तेव्हा आवाज चार तऱ्हांचे असावेत, त्यातला एक वर्गातल्या बाईंचा. बाईंनी स्वतःचा धडा मोबाइलवर मुद्रित करून ऐकला, की त्यांच्या इंग्रजीत जी सुधारणा होते ती कुठल्याही शिबिराने होत नाही. बालभारतीच्या पुस्तकांत आता क्यूआर कोड आहेत, दीक्षा अॅप आहे. साहित्याचा तुटवडा राहिलेला नाही.

तुटवडा आहे तो परीक्षेत कानाला जागा असण्याचा. दहावीच्या भाषा विषयांतले २० अंतर्गत गुण २०१९च्या परीक्षेपुरते काढून टाकले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पालक ओरडले, आणि पुढच्याच वर्षी गुण परत आले. त्या सगळ्या गदारोळात टक्केवारीवर बोलणं झालं, अकरावीच्या प्रवेशावर झालं, मंडळांमधल्या स्पर्धेवर झालं. हे गुण ऐकण्या-बोलण्याचे आहेत, आणि ते देताना मुलाला काहीतरी ऐकवलं जातं का, हे विचारायला कुणी पुढे आलं नाही. निकाल चढला आणि विषय मिटला.