कुंभारीण, कोळी आणि चढती उंची

सुरतेच्या उधन्यातल्या लूमच्या शेडमध्ये, खिडकीच्या चौकटीला किंवा मीटरच्या पेटीमागे चिखलाची बोटभर कोठडी दिसली तर ती लगेच खरवडू नये. ते कुंभारीण माशीचं घर. मादी ओल्या चिखलाच्या गोळ्या आणून कोठडी बांधते, मग कोळी शोधायला निघते. नांगी मारून ती कोळ्याला लुळा करते, मारत नाही. मेलेला कोळी सडला असता. असे अनेक कोळी आत कोंबून एकावर अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. अळी जन्मते ती भरल्या ताटावरच.

काटेकोर बोलायचं तर ही शिकारी. खऱ्या परजीवी माश्यांची अळी हिंडत्याफिरत्या कोळ्याच्या अंगावरच वाढते. कोस्टा रिकातली अशी एक अळी कोळ्याच्या मरणापूर्वी त्याच्याकडून स्वतःच्या कोषासाठी वेगळंच जाळं विणून घेते; विल्यम एबरहार्ड यांनी 2000 साली ते जगापुढे मांडलं. थक्क करणारी गोष्ट आहे ही.

आता उंची वाढली की कुंभारीण माशीचं काय होतं ते पाहू. उधना समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा-पंधरा मीटर, तर डांगमधलं सापुतारा जवळपास हजार मीटरवर. एवढ्या चढाला हवा साधारण 6 अंशांनी थंडावते. माशीला उडायला अंग तापलेलं लागतं. गारठ्यात, धुक्यात शिकारीचे तास घटतात, अळी सावकाश वाढते, वर्षातल्या पिढ्याही कमी होऊ शकतात. कोळी मात्र उपाशीपोटी दिवसचे दिवस काढतो. एव्हरेस्टच्या परिसरात उड्या मारणारा कोळी 6,700 मीटरवरही सापडला आहे. माशीला तिथवर जायचं तर कोळ्याबरोबर ऊबही हवी.